गज निवडावा पारखून!

१८५७ म्हटलं की डोळ्यांपुढे येतं ते चरबी लावलेलं काडतूस. एनफिल्ड रायफलीचं हे काडतूस शिपायांनी दातांनी फाडायचं होतं, इतकं शाळेत सगळ्यांनीच वाचलेलं असतं. पण फाडल्यावर पुढे काय? आतली दारू नळीच्या तोंडातून ओतायची, कागदात गुंडाळलेली गोळी तिच्यावर ठेवायची आणि नळीखाली अडकवलेला लोखंडी गज उपसून ती ३९ इंच लांबीच्या नळीत तळापर्यंत ठासायची. कागदाला चरबी होती ती याचसाठी, गोळी अडकू नये म्हणून! इतिहासाने काडतूस लक्षात ठेवलं आणि बिचाऱ्या गजाला विसरून गेला.

आज गज हा शब्द बहुतेकांच्या घरी खिडकीपुरता उरलाय. कोकणात शेताच्या राखणीसाठी परवान्याची ठासणीची बंदूक ज्या घरात आहे, तिथे मात्र तो कुणाला समजावून सांगावा लागत नाही. परंतु या काठीची खरी चिकित्सा चालते ती अमेरिकेत. तिथे ठासणीच्या रायफलींच्या शौकिनांची राष्ट्रीय संघटना १९३३मध्ये स्थापन झाली. इंडियाना राज्यात ज्या गावी तिचं नेमबाजीचं मैदान आहे, त्या गावाचं नाव फ्रेंडशिप. बंदूकवाल्यांना याहून चांगलं गाव कुठे मिळणार? पेनसिल्व्हेनियात तर १९७४पासून हरणांच्या शिकारीचा एक वेगळा हंगामच चकमकीच्या बंदुकांसाठी राखून ठेवलेला आहे. अशा ठिकाणी नवा शौकीन येतो, हजारो रुपयांच्या हिशेबाने डॉलर मोजून रायफल घेतो आणि तिच्याखालच्या काठीकडे ढुंकूनही बघत नाही.

इथेच चूक होते. कारण बंदुकीचा धोका नेहमी गोळीचाच असतो असं नाही. पहिले चार-पाच बार व्यवस्थित भरले जातात. मग दारूच्या काजळीचा थर नळीत साचतो आणि कापडाच्या चकतीत बसवलेली शिशाची गोळी अर्ध्यावर अडते. माणूस चिडतो, गज वरच्या टोकाशी धरतो आणि सगळा भार टाकून दाबतो. लाकडी गज वाकतो आणि कडकन मोडतो. तोही सरळ नाही, तिरका मोडतो. खाली भाल्यासारखं टोक उभं, वरून जोरात येणारा तळहात किंवा मनगट! ते टोक हातात आरपार घुसण्याचे अपघात या शौकात सगळ्यांना ठाऊक आहेत.

मग गज घ्यायचा कशाचा? परंपरेचं उत्तर आहे हिकरी. अक्रोडाच्या कुळातलं हे झाड अमेरिकेतलं. तिकडे कुऱ्हाडीचे आणि हातोड्यांचे दांडे याच लाकडाचे करतात, कारण ते दणका सोसतं. पण हिकरी आहे म्हणजे काम झालं, असं मुळीच नाही. पाहायचे असतात ते लाकडाचे तंतू. हे तंतू गजाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ धावले पाहिजेत. मधेच एखादी रेघ तिरपी होऊन कडेला बाहेर पडत असेल, तर गज मोडायची जागा तीच. यंत्रावर गोल कापून काढलेल्या काठ्यांत हा दोष हमखास आढळतो, कारण पात्याला तंतूची दिशा कळत नाही. म्हणून जाणकार कारागीर लाकूड करवतीने न कापता तंतूच्या बाजूने फाडतात आणि मग तासून गोल करतात. दुकानात दहा काठ्या उजेडात फिरवून बघाव्यात आणि त्यातली एक घ्यावी. दुकानदार कंटाळला तर कंटाळू द्यावा!

लाकडाची एवढी कटकट, तर सरळ लोखंड का नको? सैन्यांनी तेच केलं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला प्रशियाच्या फौजेत लिओपोल्ड या सेनानीने लाकडी गज काढून लोखंडी गज आणले आणि तिथले शिपाई धडाधड बार भरू लागले. पण रायफलीची गोष्ट निराळी असते. तिच्या नळीच्या आत पीळदार खाचा असतात आणि त्या जिथे संपतात, त्या नळीच्या तोंडावरच गोळीचा नेम अवलंबून असतो. तिथे पोलाद रोज घासत राहिलं तर रायफल हळूहळू नेम चुकू लागते. तरीही मैदानावर सरावासाठी पोलादी गज उत्तम, फक्त नळीच्या तोंडावर बसणारी पितळी किंवा प्लॅस्टिकची टोपी त्यात ओवलेली हवी. मग गज मधोमध राहतो. पितळ मऊ खरं, पण जड आणि एकदा वाकलं की वाकलं. ॲल्युमिनियमसारख्या मऊ धातूत बारीक कचकच रुतून बसते. फायबरग्लासचा गज लवचीक असतो, पण त्याच्याही अंगाला कचरा चिकटतो, म्हणून तो पुसूनच वापरावा. नायलॉनसारख्या प्लॅस्टिकचे गज सहसा मोडत नाहीत. मात्र ते इतके लवतात की अडलेल्या गोळीपुढे त्यांची कमानच होते. म्हणूनच अनेकजण दोन गज बाळगतात. रानात नळीखाली हिकरीचा, मैदानावर पोलादी.

जाडीचं गणित सोपं आहे. अर्धा इंच व्यासाच्या नळीला साधारण तीन-अष्टमांश इंचाचा गज चालतो. खारीच्या शिकारीच्या बारीक नळीत मात्र लाकूड इतकं सडपातळ होतं की तिथे धातूच बरा. गजाच्या पितळी टोकाला नळी पुसायचं किंवा अडकलेली गोळी उपसायचं अवजार आट्यांवर बसवतात. हे टोक नुसतं डिंकाने चिकटवलेलं असेल तर एक दिवस ते नळीच्या तळाशीच राहणार आणि हातात येणार नुसती काठी! टोकातून आडवी खीळ मारलेली आहे ना, हे घेतानाच बघावं.

आणि चांगला गजही वापरायची रीत असते. नळीच्या तोंडापासून वीतभर अंतरावरच धरायचा, थोडा थोडा ढकलायचा, तळहात वरच्या टोकावर कधीही ठेवायचा नाही. गोळी अडली तर जोर लावत बसण्यापेक्षा पुढच्या वेळी दोन बारांच्या मध्ये नळी ओलसर चिंधीने पुसावी. मात्र भरलेली गोळी दारूला टेकलीच पाहिजे. मध्ये पोकळी राहिली तर बार उडताना नळी फुगू किंवा फुटू शकते.

गोळी टेकली की नाही, हे डोळ्यांना दिसत नाही. ते सांगतो गजच. नवा गज घरी आणला की रिकाम्या नळीत तळापर्यंत सोडून तोंडाशी एक खूण करायची, मग नेहमीचा बार भरून दुसरी. गेटिसबर्गच्या लढाईनंतर, जुलै १८६३मध्ये, रणांगणावरून सुमारे साडेसत्तावीस हजार बंदुका गोळा केल्या गेल्या. तेव्हाच्या नोंदींनुसार त्यांपैकी सुमारे चोवीस हजार भरलेल्याच होत्या आणि त्यातल्या निम्म्यांत एकावर एक दोन बार ठासलेले होते. गोंधळात आपली बंदूक उडालीच नाही, हे शिपायांच्या ध्यानातच आलं नव्हतं. म्हणून मुरलेला शौकीन ठासणीची कुठलीही बंदूक हाती घेतली, मग ती भिंतीवर टांगलेली आजोबांची का असेना, की आधी नळी स्वतःपासून आणि इतरांपासून दूर धरतो, हलकेच गज आत सोडतो आणि बोटाने खूण करून तो बाहेर नळीशेजारी धरून बघतो. गज तळापासून चार बोटं वरच थांबला असेल, तर आत काहीतरी आहे.