केंद्र माणसांवर चालतं

जोगेश्वरी पूर्वेच्या मेघवाडी, मजासवाडी, प्रेमनगर, प्रतापनगर अशा वस्त्यांमधून फिरताना थोड्याथोड्या अंतरावर पाट्या दिसतात. कुठे अंगणवाडी, कुठे महिला मंडळ, कुठे समाजमंदिर, व्यायामशाळा किंवा अभ्यासिका. बऱ्याचशा खोल्या दहा बाय बाराच्या. भिंतीवर अक्षरांचे तक्ते, कोपऱ्यात गुंडाळलेली सतरंजी, एक कपाट आणि त्याला कुलूप. मुंबईत वस्तीचं केंद्र म्हणतात ते बहुतेक वेळा असंच असतं.

अशी एकच खोली दिवसभरात किती जणांच्या उपयोगी पडते, ते बाहेरून कळत नाही. सकाळी तीन ते सहा वर्षांची मुलं येतात. दुपारी तिथेच शिवणवर्ग भरतो, नाहीतर बचत गटाची बैठक होते. संध्याकाळी पाचवी ते दहावीच्या मुलांचा अभ्यासवर्ग आणि रात्री ज्यांना घरी पाय पसरायलाही जागा नाही असे परीक्षेला बसलेले तरुण. यातली प्रत्येक पाळी कुणीतरी सांभाळत असतं. ताई, सेविका, मदतनीस, संघटक, समुपदेशक, समन्वयक अशी पदं आहेत आणि त्यांवर काम करणाऱ्यांत स्त्रिया फार मोठ्या संख्येने आहेत. या नोकऱ्यांबद्दल आपण फार कमी बोलतो. केंद्राचं उद्घाटन होतं, फोटो छापून येतो, कोनशिलेवर नावं कोरली जातात. रोज सकाळी कुलूप उघडणाऱ्या बाईचा पगार किती, हे मात्र कोणी विचारत नाही.

या कामाला मुंबईत शतकाहून मोठी परंपरा आहे. ना. म. जोशी यांनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली आणि गिरणगावातल्या कामगारांसाठी रात्रशाळा, वाचनालयं, सहकारी पतपेढ्या सुरू केल्या. परळचं दामोदर नाट्यगृह याच संस्थेचं. त्याआधी लंडनमध्ये टॉयन्बी हॉल आणि शिकागोत हल हाउस उभं राहिलं होतं, तिथे शिकलेली माणसं गरिबांच्या वस्तीत राहायला गेली होती. तोच विचार घेऊन अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅन्शर्ड्ट मुंबईत आले आणि १९२६च्या सुमारास त्यांनी नागपाड्यात नेबरहुड हाउस सुरू केलं. काम वाढलं तसं त्यांच्या लक्षात आलं, की नुसत्या कळवळ्यावर केंद्र चालत नाही, त्यासाठी शिकलेली माणसं लागतात. १९३६ साली सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या मदतीने त्याच नागपाड्यात समाजकार्याचं शिक्षण देणारी शाळा निघाली. आजची टाटा समाजविज्ञान संस्था ती हीच. म्हणजे भारतात समाजकार्य हा व्यवसाय म्हणून शिकवायला सुरुवात झाली ती मुंबईतल्या एका वस्तीकेंद्राच्या गरजेतून. १९५५ साली निर्मला निकेतनचं समाजकार्य महाविद्यालय सुरू झालं आणि शहराला आणखी एक पाठशाळा मिळाली.

या परंपरेत जोगेश्वरीचंही स्थान आहे. १९८४ साली मिनार पिंपळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘युवा’ ही संस्था स्थापन केली. पुढे घरहक्क, पदपथवासी, कष्टकरी आणि मुलं यांच्या प्रश्नांवर देशभर नाव झालेल्या या संस्थेचं सुरुवातीचं काम जोगेश्वरीच्या वस्त्यांतल्या तरुणांबरोबर झालं. वस्तीतल्याच मुलामुलींना संघटित करायचं, आपला प्रश्न त्यांनी स्वतः मांडायचा, अशी ती पद्धत होती. बाहेरून आलेला कार्यकर्ता आणि वस्तीतून घडलेला कार्यकर्ता यांची जोडी जमल्याशिवाय केंद्र टिकत नाही, हा धडा आजही लागू आहे.

वस्तीतलं सगळ्यात जास्त ठिकाणी पोचलेलं केंद्र कोणतं, असं विचारलं तर उत्तर अंगणवाडी. तिचं मूळ महाराष्ट्रातलंच. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला मुलांच्या दारात, अंगणात शाळा नेली. मुलं शाळेत येत नाहीत ना, मग शाळा त्यांच्याकडे जाईल, इतका साधा तो निश्चय होता. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली, तेव्हा तिने हे नाव आणि हा विचार उचलला. आज महाराष्ट्रात एक लाखाहून जास्त अंगणवाड्या आहेत.

अंगणवाडीने सहा सेवा द्यायच्या असतात: पूरक आहार, शाळापूर्व शिक्षण, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा आणि पोषण-आरोग्याचं शिक्षण. त्यासाठी एक सेविका आणि एक मदतनीस. मदतनीस मुलांना घरून घेऊन येते, खोली झाडते, आहार वाटते. सेविका मुलांना शिकवते, वजन-उंची घेते, गरोदर आणि स्तनदा मातांच्या घरी जाते, लसीकरणाच्या दिवशी आयांना गोळा करते, तीन वर्षांखालच्या मुलांसाठी घरी न्यायच्या आहाराची पाकिटं देते आणि या सगळ्याची नोंद ठेवते. जनगणना, निवडणूक, सर्वेक्षण, करोना काळातल्या घरभेटी अशी इतर कामं वरून येतात ती वेगळीच.

यातलं एकच काम जवळून पाहू. सेविकेकडे दंडघेर मोजायची रंगीत पट्टी असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या डाव्या दंडाभोवती, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर ती गुंडाळायची. ११.५ सेंटीमीटरपेक्षा कमी भरलं तर पट्टीचा लाल भाग दिसतो, म्हणजे मूल तीव्र कुपोषित, कागदावरच्या भाषेत ‘सॅम’. ११.५ ते १२.५च्या मध्ये पिवळा, म्हणजे मध्यम कुपोषित, ‘मॅम’. त्यापुढे हिरवा. ऐकायला सोपं आहे. पण पट्टी जरा जास्त आवळली तर चांगलं मूल कुपोषित ठरतं आणि सैल सोडली तर आजारी मूल नजरेतून निसटतं. मूल रडत असतं, हात झटकत असतं, आईला कामावर जायची घाई असते. अशा वेळी काही मिलिमीटरचा फरक अचूक टिपायचा. लाल रंग दिसल्यावर खरं काम सुरू होतं. ‘तुमचं मूल कुपोषित आहे’ हे आईच्या तोंडावर कसं सांगायचं? दिवसभर चार घरची धुणीभांडी करणारी ती बाई हा शब्द ऐकून दुखावते आणि दुसऱ्या दिवसापासून मुलाला पाठवतच नाही. मग सेविका घरी जाते, सासूशी बोलते, बाळाला जुलाब होतात का, पाणी कुठलं, दुपारी त्याच्याकडे कोण असतं, ते विचारून घेते आणि पालिकेच्या दवाखान्यात बरोबर जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१च्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३६.१ टक्के मुलं कमी वजनाची आढळली. हा आकडा खाली आणायचा तर तो अशाच खोल्यांतून येईल.

या कामाचा मोबदला पगार म्हणून दिला जात नाही, मानधन म्हणून दिला जातो. हा फरक कायद्यातला आहे आणि तो या बायकांना आयुष्यभर सोसावा लागतो. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकातल्या एका खटल्यात अंगणवाडी सेविका सरकारी पदावर नाहीत, असा निर्णय दिला. २५ एप्रिल २०२२ रोजी गुजरातच्या मणिबेन मगनभाई भारिया यांच्या खटल्यात त्याच न्यायालयाने सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र असल्याचं सांगितलं. या दोन निकालांच्या मधली सोळा वर्षं मोर्चे, संप आणि निवेदनांत गेली. महाराष्ट्रात मार्च २०२३ मध्ये सेविकेचं मासिक मानधन ८,३२५ वरून १०,००० रुपये आणि मदतनिसेचं ४,४२५ वरून ५,५०० रुपये करण्याची घोषणा झाली. तरी त्याच वर्षी ४ डिसेंबरपासून पुन्हा संप झाला आणि तो पन्नासहून अधिक दिवस चालला. पुढे २०२४ मध्ये आणखी वाढ जाहीर झाली. वाढ मिळाली ती प्रत्येक वेळी रस्त्यावर उतरल्यावर, हे विसरता येत नाही. भांडण मानधनापुरतंच नव्हतं. त्याआधी २०२१ साली राज्यभरच्या सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले. फोन चालत नव्हते आणि ज्या ॲपवर नोंदी करायच्या त्याची भाषा इंग्रजी होती. त्यांची मागणी रास्तच होती: काम करून घ्यायचं तर काम करण्याजोगी साधनं द्या.

अंगणवाडीपलीकडे वस्तीत आणखी एक महत्त्वाचं पद आहे, समुदाय संघटकाचं. बीएसडब्ल्यू, एमएसडब्ल्यू झालेली मुलं-मुली संस्थांमध्ये या पदावर रुजू होतात, वस्तीतल्या अनुभवी बायकाही येतात. शाळेत नाव घालणं, रेशनकार्डात नाव चढवणं, विधवा पेन्शनचा अर्ज, पाण्याच्या जोडणीसाठी पाठपुरावा, घरात मार खाणाऱ्या बाईला पोलीस ठाण्यात सोबत, असं कामाचं स्वरूप असतं. जोगेश्वरीसारख्या भागात झोपडपट्टी पुनर्वसन (झोपु) योजना हा घरोघरचा विषय आहे. पात्रतेची यादी, म्हणजे ‘परिशिष्ट-दोन’, लागली की संघटकाची झोप उडते. मोफत घरासाठी १ जानेवारी २०००च्या आधी आपण इथे राहत होतो, हे कागदाने सिद्ध करायचं. वीजबिलावर नवऱ्याचं नाव एक, मतदार यादीत आडनाव वेगळं, तो वारला असेल तर बायकोच्या नावावर काहीच नाही. या कागदांची सांगड घालताना एक अक्षर चुकलं तर घर जातं. हे काम करणाऱ्याला कायदा कळावा लागतो, माणूसही कळावा लागतो. तितकंच महत्त्वाचं म्हणजे बिल्डर आणि रहिवासी दोघांचंही दडपण सोसून सरळ राहता यावं लागतं.

सरळ राहण्याची कसोटी जोगेश्वरीने फार कठोरपणे पाहिली आहे. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३च्या दंगलीत या उपनगराने जे भोगलं, त्याची नोंद श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात आहे. राधाबाई चाळीचं नाव तेव्हा देशभर झालं. त्यानंतर शहरात मोहल्ला समित्या उभ्या राहिल्या, पोलीस आणि दोन्ही समाजांतली माणसं एका जागी बसू लागली. अशा भागात हिंदू आणि मुसलमान आया ज्या खोलीत मुलाचं वजन करायला एका रांगेत बसतात, त्या खोलीची किंमत बांधकामाच्या खर्चात मोजता येत नाही. अफवा पसरते तेव्हा ‘असं काही झालेलं नाही, मी आत्ता तिकडूनच आले’ असं छातीठोकपणे सांगणारी आणि जिच्यावर दोन्ही गल्ल्या विश्वास ठेवतात अशी बाई वर्षानुवर्षांच्या रोजच्या कामातून तयार होते. कंत्राट संपलं म्हणून तिला घरी पाठवलं आणि तिच्या जागी नवी नेमली, तर तो विश्वास बदलीवर जात नाही.

इथे पैशाच्या व्यवस्थेकडे पाहावं लागतं. आमदार-खासदारांचा स्थानिक विकास निधी टिकाऊ मालमत्तेसाठी असतो. त्यातून समाजमंदिर बांधता येतं, व्यायामशाळा उभी करता येते, पण तिथल्या ताईचा पगार देता येत नाही. झोपु योजनेच्या नियमावलीतही पुनर्वसन इमारतीत बालवाडी, कल्याण केंद्र आणि सोसायटीच्या कार्यालयासाठी जागा ठेवावी लागते. जागेची तरतूद आहे, ती चालवणाऱ्या माणसाची नाही. मग अनेक ठिकाणी ती खोली कुलूपबंद राहते नाहीतर कार्यक्रमांना भाड्याने जाते. संस्थांचं दुखणं वेगळं. ठरावीक मोठ्या कंपन्यांना आपल्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायला लावणारा कायदा २०१४ पासून लागू झाला आणि चांगला पैसा आला, पण तो प्रकल्पाच्या मुदतीपुरता. मुदत संपली की नोकरीही संपली. सप्टेंबर २०२० मध्ये परदेशी देणग्यांच्या कायद्यात बदल झाला, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली आणि एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला तो पैसा देण्यावर बंदी आली. मोठ्या संस्थांच्या आधाराने वस्तीत काम करणाऱ्या छोट्या गटांना याचा फटका बसला.

एवढं सगळं असूनही माणसं या कामात येतात आणि टिकतात. कारण घराजवळ काम मिळतं, मुलांकडे लक्ष ठेवता येतं, गल्लीत मान मिळतो. अंगणवाडीच्या भरतीसाठी राज्य सरकारने २०२३ मध्ये बारावी उत्तीर्ण आणि स्थानिक रहिवासी अशी अट घातली, म्हणजे वस्तीतल्या शिकलेल्या सुनेला-मुलीला ही नोकरी जवळची आहे. मदतनिसेला सेविका आणि सेविकेला मुख्यसेविका होण्याची वाट नियमांत आहे. बालशिक्षण, समुपदेशन, समाजकार्य यांचं पुढचं शिक्षण नोकरी करत घेता येतं. दहावीनंतर घरी बसलेली बाई बचत गटातून पुढे येते, हिशेब शिकते, मग केंद्राची समन्वयक होते आणि वॉर्ड ऑफिसात अधिकाऱ्यासमोर खुर्ची ओढून बसते. एका पिढीत घडणारा हा बदल कोणत्याही कारखान्यातल्या नोकरीपेक्षा कमी मोलाचा नाही.

म्हणून मागणी स्पष्ट मांडायला हवी. नवं केंद्र मंजूर करताना चौरस फुटांबरोबर पदंही मंजूर झाली पाहिजेत आणि त्या पदांचा किमान दहा वर्षांचा पगार आधी बाजूला काढला पाहिजे. अनुभवाची वर्षं पगारात दिसली पाहिजेत. आजारपणाची रजा, भविष्यनिर्वाह निधी, म्हातारपणाची सोय या गोष्टी आंदोलनाविना मिळाल्या पाहिजेत. लोकप्रतिनिधी आपल्या गल्लीत समाजमंदिराचं भूमिपूजन करायला येतील तेव्हा रहिवाशांनी दोनच प्रश्न विचारावेत: इथे कामाला कोण असणार, आणि त्यांना पगार कोण, किती देणार? उत्तर कागदावर मिळेपर्यंत नारळ फोडू देऊ नये.