त्वचा, रंग आणि चेहऱ्याचा गिलावा
(द्वितीय वर्ष, कला)

सौंदर्यप्रसाधनांसारखा विषय महाविद्यालयाच्या वार्षिकांकात कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. साहित्य, इतिहास, समाजकारण हे आपले नेहमीचे विषय. परंतु ज्या वस्तूसाठी आपल्यापैकी कित्येकजणी वरखर्चाचे पैसे महिनोन्‌महिने बाजूला ठेवतात, ती वस्तू कशाची बनते, कशी निवडावी आणि ती विकताना आपल्याला काय सांगितले जाते, हे समजून घेणे हाही एक अभ्यासच आहे. शिवाय हा विषय केवळ मुलींचा आहे असेही नाही. एकांकिकेत काम करणाऱ्या मुलांच्या तोंडालाही फाउंडेशन लागतेच; फक्त ते कोणी निवडले याची त्यांना चौकशी नसते.

फाउंडेशन म्हणजे पाया. माझे वडील गवंडीकाम करतात. त्यामुळे हा शब्द आमच्या घरात बांधकामावरून आला, आरशासमोर तो फार उशिरा पोहोचला. खरे पाहता चेहऱ्यावरचे फाउंडेशन पायापेक्षा गिलाव्याच्या अधिक जवळचे आहे. भिंत सपाट, एकसारखी दिसावी आणि पुढचा रंग तीवर नीट बसावा, एवढेच गिलाव्याचे काम. भिंत मुळात कशी आहे हे पाहिल्याशिवाय कोणताही गवंडी थापी हातात घेत नाही. फाउंडेशनचेही शास्त्र एवढेच आहे : आधी त्वचा पाहावी, मग बाटली.

ही वस्तू आली कोठून? तिचे मूळ रंगभूमीवर आहे. आपल्याकडच्या नटांच्या रंगपेटीत पूर्वी सफेदा, मुर्दाडशिंग, हिंगूळ, काजळ अशा वस्तू असत. यांपैकी मुर्दाडशिंग हा शिशाचा आणि हिंगूळ हा पाऱ्याचा संयुग. म्हणजे राजाचे तेज चेहऱ्यावर आणणारा रंग नटाच्या शरीरात विषही उतरवीत होता. युरोपातही शिसेयुक्त पांढरा रंग सर्रास वापरला जाई. लुडविग लाइख्नर या जर्मन ऑपेरा-गायकाने १८७३ मध्ये बर्लिन येथे कंपनी काढून शिसे नसलेल्या, कांडीच्या स्वरूपातील तेलकट रंगांचा प्रसार केला. पुढे चित्रपट आला. कॅमेरा जवळ आल्यावर जाड रंगाला पडणारे तडे पडद्यावर दिसू लागले. तेव्हा मॅक्स फॅक्टर यांनी १९१४ मध्ये चित्रपटासाठी पातळ, लवचीक लेप तयार केला, आणि १९३० नंतरच्या दशकात रंगीत चित्रपटांसाठी ओल्या स्पंजने लावायचा 'पॅनकेक' काढला. आपल्या नाटकवाल्यांच्या तोंडी पॅनकेक हा शब्द आजही आहे, तो तिथलाच. भारतात टाटा समूहाने १९५२ मध्ये 'लॅक्मे' सुरू केली. हे नाव एका फ्रेंच ऑपेऱ्यातील नायिकेचे, म्हणजे आपल्या 'लक्ष्मी'चेच फ्रेंच रूप! रंगमंचावरची वस्तू अशा रीतीने हळूहळू घरातल्या फडताळात आली.

आता त्वचेकडे वळू. आपल्या त्वचेत तैलग्रंथी असतात. त्यांतून पाझरणारा स्निग्ध पदार्थ त्वचेला मऊ ठेवतो आणि आतले पाणी उडून जाऊ देत नाही. कपाळ, नाक व हनुवटी या भागांत या ग्रंथी अधिक असतात. ग्रंथी किती पाझरतात यावरून त्वचेचे तेलकट, कोरडी, मिश्र आणि सामान्य असे ढोबळ प्रकार करतात. ज्या त्वचेची लवकर आग होते, जिला खाज सुटते वा लाली येते, तिला संवेदनशील म्हणतात. ती तेलकटही असू शकते आणि कोरडीही.

आपली त्वचा कोणती हे ओळखण्यासाठी दुकानात जाण्याची गरज नाही. सौम्य साबणाने किंवा फेसवॉशने चेहरा धुऊन टिपून घ्यावा आणि तासभर काहीही लावू नये. त्यानंतर पातळ टिपकागद चेहऱ्याच्या निरनिराळ्या भागांवर दाबून पाहावा. सगळीकडे तेलाचे डाग उमटले तर त्वचा तेलकट. फक्त कपाळ, नाक, हनुवटी येथे उमटले आणि गाल कोरडे राहिले तर मिश्र. कोठेच डाग नाही, उलट त्वचा ताणल्यासारखी वाटते, कोंडा दिसतो, तर कोरडी. ताणही नाही आणि चकाकीही नाही, तर सामान्य. ही परीक्षा वर्षातून दोनदा तरी करावी, कारण ऋतूप्रमाणे त्वचा बदलते. कोकणातल्या दमट हवेत घामेजणारा चेहरा देशावरच्या थंडीत उलतो, आणि विदर्भातल्या उन्हाळ्याचे तर वेगळे सांगायलाच नको.

कोरड्या त्वचेसाठी द्रव किंवा क्रीमच्या स्वरूपातले, ओलावा देणारे फाउंडेशन घ्यावे. पावडरीचे घेऊ नये. ते कोंड्याला चिकटून चेहरा पिठाळ दिसतो. गवंडी गिलावा करण्याआधी विटांच्या भिंतीवर पाणी मारतात. तसे न केल्यास कोरडी वीट गिलाव्यातले पाणी शोषून घेते आणि गिलाव्याला तडे जातात. कोरड्या त्वचेवर आधी मॉइश्चरायझर लावून पाच-दहा मिनिटे थांबायचे, यामागचा विचार साधारण असाच आहे. तेलकट त्वचेसाठी तेलविरहित, 'मॅट' म्हणजे चकाकी न आणणारे, पातळ द्रव किंवा पावडर फाउंडेशन योग्य. बाटलीवर 'नॉन-कॉमेडोजेनिक' असे लिहिलेले असेल तर ते रंध्रे बुजवणार नाही असा उत्पादकाचा दावा असतो. मुरमे येणाऱ्यांनी असेच उत्पादन निवडावे, पण तो दावा आहे, हमी नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. मात्र तेलकट त्वचेला मॉइश्चरायझर लागतच नाही हा समज चुकीचा आहे. तेल आणि पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तेलकट त्वचाही पाण्यावाचून शुष्क होऊ शकते. मिश्र त्वचेवर एकच द्रव फाउंडेशन लावून फक्त कपाळ, नाक आणि हनुवटीवर हलकी पावडर फिरवली की पुरते. संवेदनशील त्वचेसाठी सुगंधविरहित आणि कमीत कमी घटकांचे उत्पादन पाहावे.

यानंतरचा आणि खरा कठीण भाग रंगाचा. आपल्या त्वचेचा रंग मेलॅनिन या द्रव्यामुळे ठरतो. ते बनवणाऱ्या रंगपेशींची संख्या गोऱ्या-काळ्या सर्व माणसांत जवळजवळ सारखीच असते. फरक पडतो तो त्या किती आणि कोणत्या प्रकारचे मेलॅनिन बनवतात यामुळे. फाउंडेशनमध्ये रंग येतो तो मुख्यतः चार भुकट्यांमुळे : पांढरी टायटॅनियम डायऑक्साइड आणि लोहाची पिवळी, तांबडी व काळी ऑक्साइडे. जगातल्या सगळ्या छटा या चारांच्या प्रमाणातून तयार होतात. सावळ्या चेहऱ्यावर उजळ फाउंडेशन लावले की तो गोरा न दिसता राखेसारखा का दिसतो, याचे उत्तर येथे आहे. उजळ छटेत पांढरी भुकटी अधिक असते. तिच्यातून खालचा तपकिरी रंग डोकावतो, आणि पांढऱ्यातून डोकावणारा गडद रंग डोळ्यांना करडा वाटतो. ती लावणाऱ्याच्या हाताची चूक नसते आणि लावून घेणारीच्या चेहऱ्याची तर नसतेच नसते.

छटेबरोबर तिचा अंतर्गत कल पाहावा लागतो. त्वचेत पिवळसर झाक असेल तर उष्ण, गुलाबी झाक असेल तर शीत, दोन्ही समान तर मध्यम. आपल्याकडे पिवळसर आणि किंचित हिरवट झाकेचे चेहरे पुष्कळ आढळतात. त्यांच्यावर गुलाबी कलाचे फाउंडेशन परके दिसते. मनगटाच्या शिरा निळ्या की हिरव्या यावरून कल ओळखण्याची युक्ती बरेचजण सांगतात, पण गव्हाळ आणि सावळ्या त्वचेवर ती भरवशाची नाही. त्यापेक्षा शेजारशेजारच्या दोन-तीन छटा प्रत्यक्ष लावून पाहणे उत्तम.

त्या कोठे लावाव्यात? हाताच्या पाठीवर नव्हे. हात आणि चेहरा यांचा रंग क्वचितच जुळतो. आपल्या अनेकींच्या चेहऱ्यावरही कपाळ व ओठांभोवतीचा भाग गालांपेक्षा गडद असतो. म्हणून जबड्याच्या कडेवर, मानेपर्यंत जाईल अशी बोटाएवढी रेघ ओढावी. जी रेघ दिसेनाशी होते, ती आपली छटा. दुकानातल्या दिव्याखाली निर्णय करू नये. बाहेर उजेडात येऊन आरशात पाहावे. पंधरा मिनिटे थांबावे, कारण हवा आणि त्वचेचे तेल यांच्या संयोगाने काही फाउंडेशने थोड्या वेळाने गडद होतात. त्याआधी कोपराच्या आतल्या बाजूस किंवा कानामागे थोडेसे लावून दिवसभर वाट पाहता आली तर त्वचेला त्याचे वावडे आहे का, हेही कळते. छायाचित्रे काढायची असतील तर आणखी एक गोष्ट : सिलिकाची पांढरी पावडर वा पांढऱ्या भुकटीचे प्रमाण जास्त असलेली उत्पादने फ्लॅशचा प्रकाश परतवतात आणि समूहचित्रात एकटा चेहराच पांढरा दिसतो.

लावताना कमीत कमी घ्यावे. चेहऱ्याच्या मध्यापासून कडेकडे पसरवावे आणि मान विसरू नये. बाटलीवर 'एसपीएफ' लिहिलेले असले तरी उन्हापासूनचे संरक्षण त्यावर सोपवू नये. तो आकडा ज्या जाड थराने मोजतात, तेवढे फाउंडेशन कोणी लावत नाही. सनस्क्रीन वेगळे लावावे. झोपण्यापूर्वी चेहरा धुतलाच पाहिजे. बाटलीवर उघड्या डबीचे चित्र आणि त्यात '१२ एम' असे असल्यास उघडल्यापासून बारा महिन्यांत ती वापरावी असा अर्थ होतो. आणि एकच स्पंज दहाजणींच्या चेहऱ्यांवरून फिरवण्याची आपली पद्धत तर ताबडतोब थांबायला हवी. मुरमांचा पू आणि जंतू मैत्री पाहत नाहीत.

येथवर सर्व तांत्रिक झाले. पण दुकानात प्रश्न तंत्राचा राहत नाही. छटा विचारली की बहुतेक ठिकाणी सल्ला मिळतो, "ताई, एक नंबर उजळच घ्या, चांगलं दिसेल." हा सल्ला आपल्याला नवा नाही. घरी पाहुणे यायचे असले की तो नात्यातल्या बायकाही देतात. १९७५ मध्ये 'फेअर अँड लव्हली' नावाचे क्रीम भारतात आले आणि पंचेचाळीस वर्षे गोरेपण हाच शब्द नावात मिरवत राहिले. २०२० मध्ये त्यातला 'फेअर' गेला आणि 'ग्लो' आला. जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन परिषदेने २०१४ मध्येच सावळ्या व्यक्तीला दुःखी वा अपयशी दाखवू नये असे बजावले होते. नावे आणि जाहिराती बदलल्या, पण आरशासमोर उभे राहताना मनात येणारा शब्द अजून पूर्णपणे बदललेला नाही.

हा केवळ मानापमानाचा प्रश्न नाही. उजळ दिसण्याच्या या ओढीपोटीच लेबल नसलेली, उत्पादकाचा पत्ता नसलेली क्रीमे बाजारात खपतात. त्यांपैकी काहींत पारा सापडला आहे. पारा मेलॅनिन बनू देत नाही, पण मूत्रपिंडांना इजा करतो. प्रसाधनांत तो मुद्दाम घालण्यास आपल्या कायद्याने मनाई आहे. काहीजणी स्टेरॉइडयुक्त मलमे 'गोरे होण्याचे क्रीम' म्हणून महिनोन्‌महिने लावतात. त्यांनी त्वचा पातळ होते, लाल होते, केस व मुरमे वाढतात. म्हणूनच २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा अनेक मलमांना डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास बंदी केली. अशा भाजलेल्या त्वचेवर कोणतेही फाउंडेशन बसत नाही. तेथे त्वचारोगतज्ज्ञांकडेच जावे लागते.

मराठीत त्वचेच्या रंगाला किती शब्द आहेत पाहा : गोरा, निमगोरा, गव्हाळ, उजळ, सावळा, काळासावळा, काळा. ज्या भाषेने आपल्या विठ्ठलाला लाडाने सावळा म्हटले, त्या भाषेच्या प्रदेशातल्या लहान गावच्या दुकानात फाउंडेशनच्या तीन-चारच छटा असतात आणि त्या गव्हाळपाशी संपतात. २०१७ मध्ये अमेरिकेत 'फेंटी ब्यूटी'ने एकदम चाळीस छटा बाजारात आणल्या, तेव्हा सर्वांत गडद छटांना भरपूर मागणी आली. त्यानंतर इतर कंपन्यांनीही आपल्या छटा वाढवल्या. याचा अर्थ सावळ्या मुलींना हवी ती छटा बनवणे अवघड नव्हते. त्या गिऱ्हाईक आहेत हे कोणी मोजलेच नव्हते. म्हणून दुकानात आपली छटा नसेल तर जवळची उजळ छटा घेऊन परत येऊ नये. "माझ्या रंगाचे नाही का?" असे विचारून यावे. दहाजणींनी विचारले की दुकानदार आणून ठेवतो, कारण त्यालाही माल विकायचाच असतो.

आणि फाउंडेशन लावलेच पाहिजे असेही नाही. चांगली बांधलेली भिंत गिलाव्यावाचूनही उभी राहते, आणि नुसत्या दगडी भिंतीची शोभा काही कमी नसते. लावायचे असेल तर आपल्याच रंगाचे लावावे, एवढेच माझे म्हणणे.

शेवटी स्नेहसंमेलन समितीला एक विनंती. दरवर्षी रंगभूषेच्या पेटीत एका उजळ छटेची मोठी बाटली येते आणि समूहनृत्यातल्या सगळ्याजणींना तीच फासली जाते. त्याच पैशात निरनिराळ्या तीन छटांच्या लहान बाटल्या घेता येतील. तीन छटा एकमेकींत मिसळून मधल्या कितीतरी छटा तयार होतात. चार भुकट्यांचा नियम येथेही लागू पडतो. सोबत प्रत्येकीला स्वतःचा स्पंज. खर्च फारसा वाढणार नाही, आणि रंगमंचावर आमचे चेहरे आमचेच राहतील.