वजनाचा निरोप स्वतः वाचा

वारणानगर भागात १९९८ साली सुमारे ७० गावे संगणकाने कारखान्याशी जोडण्याची योजना निघाली. गावच्या केंद्रावर उसाचं वजन, तोडणी परवाना कळू लागला, हेलपाटे वाचले. पण यंत्र चालवणार केंद्रचालक, आपण नुसतं विचारायचं! पुढे २००६-०७ च्या सुमारास सात गावांत मोबाईल संदेशाचा प्रयोग झाला. खर्च कमी आला, आणि शेतकरी स्वतःच्या फोनवरून विचारू लागला.

आज फोन खिशात असतो, तरी निरोप वाचायला पोरगं घरी यायची वाट बघतो. हे बरं नव्हे. वजनाचा संदेश आला की काटापावतीशी लगेच ताडून पहा. फरक दिसल्यास गट ऑफिसात त्याच दिवशी सांगा. बिल निघाल्यावर निस्तरणं अवघड जातं. ओटीपी मात्र कुणालाच सांगू नका, आमच्या माणसालासुद्धा.