मेळावा मंडपात नको, बांधावर घ्या

शेतकरी मेळावा म्हटला की मंडप, हारतुरे, दीपप्रज्वलन आणि ओळीने भाषणे. शंकासमाधानाची वेळ येते तेव्हा दुपारचे दोन वाजलेले असतात. असा एक मेळावा मीही घेतला आहे. भातावरील तपकिरी तुडतुड्यांवर मी पाऊण तास बोललो, खाचरातील पाणी काढून टाका असेही सांगितले. जेवताना शेजारच्या पंगतीत एक मावशी दुसरीला सांगत होत्या, की वरच्या खाचराचे पाणी सोडले तर ते खालच्यात तुंबते, म्हणून आधी खालचा बांध फोडायचा. हे मला ठाऊक नव्हते आणि मंडपात त्यांना कोणी विचारलेही नव्हते.

तुडतुड्यांनीच इंडोनेशियालाही हा धडा दिला. अति फवारणीने कोळ्यांसारखे मित्रकीटक मरून तुडतुडे वाढत होते. तेथील सरकारने १९८६ मध्ये भातावरील ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली आणि १९८९ पासून शेतीशाळा सुरू केल्या. सुमारे २५ शेतकरी हंगामभर दर आठवड्याला शेतात जमत, चुडी तपासत, दिसले ते कागदावर काढत आणि फवारायचे की नाही हे आपसांत ठरवत. आपल्या कृषी विभागाच्या शेतीशाळा याच वळणाच्या आहेत. त्याआधीच कोल्हापूरचे प्रा. श्री. अ. दाभोळकर यांनी प्रयोग परिवारातून प्रयोग करणारे शेतकरी एकमेकांशी जोडले होते.

कल्याणजवळच्या मोहने परिसरात असा दिवस घ्यायचा तर रविवार धरावा. येथील बरीच तरुण मंडळी नोकरी सांभाळून भात करतात, त्यामुळे इतर वारी फक्त वडीलधारेच येतील. वेळ सप्टेंबरअखेरची, भात पोटरीत-निसवणीत असताना. माणसे २५ ते ३० पुरेत. लावणी-बेणणी करणाऱ्या स्त्रिया त्यांत हव्यातच. येणाऱ्याने दोन चिठ्ठ्या द्याव्यात : यंदा काय जमले आणि काय अडले. लिहिता न येणाऱ्यांसाठी शाळेतला एखादा मुलगा बसवावा. दिवसाचे विषय या चिठ्ठ्यांवरून ठरवावेत, छापील कार्यक्रमपत्रिकेवरून नव्हे.

मग पाच-पाच जणांचे गट करून खाचरात उतरावे. प्रत्येक गटाने वेगवेगळ्या ठिकाणच्या २० चुडी बुंध्याशी वाकवून तुडतुडे आणि कोळी मोजावेत व मोठ्या कागदावर मांडावेत. चुडीला ५ ते १० तुडतुडे ही उपायाची पातळी धरतात, पण कोळी भरपूर असतील तर थांबायचे का, यावर गटागटांत वाद होऊ द्यावा. भाषणाने जे साधत नाही ते या वादाने साधते. मोठ्या आवाजाच्या एकाने सगळी वेळ खाऊ नये म्हणून आधी गटातल्या सर्वांत गप्प माणसाला बोलते करावे. तज्ज्ञाने शेवटी पंधरा मिनिटे, फक्त अडलेल्या गोष्टींवर बोलावे. आम्हा प्राध्यापकांना हे जड जाते!

एक सावधगिरी मात्र हवी. शेतकरी एकमेकांना चुकीचेही शिकवतात. ‘दोन औषधे मिसळून मारा’ हा सल्ला बांधावरूनच पसरतो. सिंथेटिक पायरेथ्रॉइड मारल्यावर तुडतुडे उलट वाढतात, हे ज्याने भोगले आहे त्यालाच तेथे बोलायला लावावे. तरीही एकमत झाले नाही तर पट्टे सोडावेत. उदाहरणार्थ, एका पट्ट्यात चारसूत्रीप्रमाणे लावणी करून चार चुडींच्या मध्ये २.७ ग्रॅमची युरिया-डीएपी ब्रिकेट खोचलेली, शेजारच्यात नेहमीप्रमाणे युरिया फोकलेला. ही जोडी लावणीतच करावी लागते, म्हणून यंदाचा वाद पुढच्या जुलैसाठी वहीत लिहून ठेवावा आणि पट्टे कोणाच्या खाचरात घ्यायचे तेही त्याच दिवशी ठरवावे. पुढची बैठक कापणीला, खळ्यावर, तराजू घेऊन.