घरचा डीप फ्रीजर : निवड आणि वापर



हंगामात मटार मातीमोल विकायचा आणि पुढे तोच चढ्या भावाने आणायचा, हे टाळता येते. घरी डीप फ्रीजर असला की घरचा मटार वर्षभर पुरतो. पण वीज जाते, तेव्हा पुढील गोष्टी ध्यानात ठेवा.

निवड : झाकण वर उघडणारी पेटीच घ्या. गार हवा जड असते, ती तळाशीच राहते. उभ्या कपाटाचे दार उघडले की ती बाहेर सांडते. पेटी उन्हात किंवा चुलीजवळ नको. भिंतीपासून वीतभर लांब ठेवा.

भरणी : सोललेला मटार उकळत्या पाण्यात दीड-दोन मिनिटे बुडवून लगेच गार पाण्यात टाका. निथळून, हवा काढून पिशव्या बांधा, तारीख लिहा. तापमान उणे 18 अंश ठेवा. सगळा माल एकदम भरू नका. नीट गोठत नाही.

वीज गेल्यास : झाकण उघडायचे नाही, बरं का! भरलेली पेटी दीड-दोन दिवस तग धरते, अर्धी भरलेली एक दिवस. उन्हाळ्यात त्याहून कमी धरा. रिकाम्या जागेत पाण्याच्या प्लास्टिक बाटल्या ठेवा, पण काठोकाठ भरू नका. वितळून कोमट झालेला माल पुन्हा गोठवून खाऊ नका.

आणि जनावरांची लाळ-खुरकुताची लस यात कधीच ठेवू नका. तिला 2 ते 8 अंश लागतात. गोठलेली लस टोचली तरी रोग अडत नाही.