निरोप समारंभातले फिशपाँड

• शाळा : राणी लक्ष्मीबाई मुलींची सैनिकी शाळा, कासार आंबोली, ता. मुळशी; निवासी; स्थापना १९९७.

• शाळा चालवणारी संस्था : महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी, पुणे (स्थापना १८६०).

• निरोपाची वेळ : राज्यभर बोर्डाच्या परीक्षेआधी, बहुधा जानेवारी-फेब्रुवारीत. तयारी सहसा धाकट्या वर्गाकडे.

• फिशपाँडची रीत : निरोप घेणाऱ्या प्रत्येकावर दोन-चार ओळींची मिस्कील चिठ्ठी लिहून खोक्यात टाकायची. लिहिणारा गुप्त; निवेदक मोठ्याने वाचतो.

• विषय : लाडकी उत्तरं, उशिरा येण्याची कारणं, मधल्या सुट्टीआधीच संपलेले डबे. निवासी शाळेत पहाटेची पीटी, मेस आणि वसतिगृहाची भर.

• पथ्य : रूप, रंग, जात, घरची परिस्थिती यांवर एकही ओळ नको. चिठ्ठ्या शिक्षकांनी आधी वाचाव्यात. ज्याच्यावर चिठ्ठी, तोही मनापासून हसला पाहिजे.