तगादा आणि कायदा

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यांत, मध्यप्रदेशाच्या सीमेला लागून, बपेरा हें गांव आहे. मुलूख धानाचा. घरांत रोख पैसा येतो तो वर्षांतून एकदां, फार तर दोनदां, आणि तोहि खरेदी केंद्रावर घातलेल्या धानाचे चुकारे खात्यांत जमा होतील तेव्हां. क्रेडिट कार्डाचें बिल मात्र दर महिन्यास येतें. शहरांतील पगारदाराच्या महिन्याचें माप घेऊन बेतलेलें हें साधन आतां अशा गांवांतील शिक्षकाच्या, किराणा दुकानदाराच्या, राईस मिलमधील कारकुनाच्या खिशांतहि जाऊन बसलें आहे. समजा, अशा एखाद्या गृहस्थाचा एक भरणा चुकला, पाठोपाठ दुसरा चुकला. मग फोन सुरू होतात. बोलणारा कोठून बोलतो हें कळत नाहीं. तो म्हणतो, उद्यां पोलीस घेऊन येतों. मग म्हणतो, घरांतील सामान उचलून नेतों. आणि शेवटीं म्हणतो, शाळेंत येऊन चार माणसांत सांगतों. जेथें प्रत्येकजण प्रत्येकास नांवानें ओळखतो, तेथें ही तिसरी धमकीच पहिल्या दोहोंपेक्षां जड पडते.

तगाद्याचें खरें बळ पूर्वींपासून या तिसऱ्या धमकींत आहे. पेशवाई बुडाल्यानंतर १८१९ सालीं एल्फिन्स्टन यानें जिंकलेल्या मुलुखाविषयीं जो अहवाल लिहिला, त्यांत मराठी राज्यांतील तगाद्याचें वर्णन आहे. ऋणको बरोबरीचा किंवा खालच्या पायरीचा असला तर धनको त्याला घरांत अडकवून ठेवी, जेवूं देत नसे, उन्हांत बसवी. ऋणको वरचढ असला तर त्याच्याच उंबऱ्यावर पडून विनवण्या करी, शाप देई, अब्रूची आठवण करून देई. धरणें धरून बसण्याची चाल त्यांतलीच. दैवी कोपाची भीति घालण्यासाठीं दुसऱ्याच्या दाराशीं धरणें धरणें हा १८६० च्या भारतीय दंडसंहितेनें गुन्हा ठरविला, आणि २०२३ च्या भारतीय न्यायसंहितेंतहि तें कलम टिकून आहे. आज उंबऱ्याची जागा फोननें घेतली आहे. ऋणकोच्या नातलगांस व सहकाऱ्यांस संदेश धाडणें हें त्या धरण्याचेंच नवें रूप होय.

म्हणून कर्ज आणि तगादा या दोन गोष्टी मनांत वेगळ्या ठेवाव्या लागतात. कर्ज खरें असेल, तें फेडणेंहि उचित असेल. परंतु तेवढ्यानें तें मागण्याची प्रत्येक रीत कायदेशीर होत नाहीं. आणि तगादा बेकायदा होता म्हणून कर्जहि बुडत नाहीं. या दुसऱ्या गोष्टीचा विसर पडला कीं तो ऋणकोलाच महाग पडतो.

आधीं हें कर्ज वाढतें कसें तें पाहण्यासारखें आहे. बाकी ४०,००० रुपये आणि व्याज दरमहा साडेतीन टक्के धरलें तर महिन्याचें व्याज १,४०० रुपये होतें. त्यावर १८ टक्के वस्तु व सेवा कर, म्हणजे २५२ रुपये. बिलावर ‘किमान देय रक्कम’ म्हणून पांच टक्के, म्हणजे २,००० रुपये छापलेले असले, आणि ते वेळेवर भरले, तर मनाला समाधान वाटतें. पण त्यांतून मुद्दलापोटीं जमा होतात ते अवघे ३४८ रुपये. शिवाय पूर्ण बाकी न भरल्यास नव्या खरेदीवरील बिनव्याजी दिवसांची सवलतहि जाते व खरेदीच्या दिवसापासूनच व्याज लागूं लागतें. ‘किमान’ हा शब्द येथें मोठा फसवा आहे.

दरसाल बेचाळीस टक्के हा दर ऐकून जुना सावकारहि कानांवर हात ठेवील. महाराष्ट्र शासनानें २०१४ सालीं परवानाधारक सावकारांस जे कमाल दर ठरवून दिले, त्यांत शेतकऱ्याला तारणावर ९ व विनातारण १२, आणि इतरांना तारणावर १५ व विनातारण १८ टक्के असे आंकडे होते. २०१४ च्याच सावकारी कायद्यानें मुद्दलापेक्षां अधिक व्याज वसूल करण्यास सावकाराला मनाई केली. धर्मशास्त्रांतील दामदुपटीचा जुना नियम तो हाच. बँकांना मात्र हा कायदा लागू नाहीं. बँकिंग नियमन कायद्यांत १९८४ सालीं घातलेल्या २१-अ या कलमान्वयें, बँकेचें व्याज अवाजवी आहे एवढ्याच कारणावरून न्यायालयाला हिशेब पुन्हां उघडतां येत नाहीं. राष्ट्रीय ग्राहक आयोगानें ७ जुलै २००८ रोजीं कार्डाच्या थकबाकीवर वर्षास ३० टक्क्यांहून अधिक व्याज घेणें ही अनुचित व्यापारी प्रथा ठरविली होती. सर्वोच्च न्यायालयानें २० डिसेंबर २०२४ रोजीं तो निर्णय रद्द केला व हा विषय रिझर्व्ह बँकेच्या कक्षेंतला मानला. तेव्हां दामदुपटीच्या आशेवर कोणी बसूं नये.

कर्ज हा निव्वळ कराराचा प्रश्न मानल्याचे परिणाम महाराष्ट्रानें एकदां पाहिले आहेत. १८५५ सालीं व्याजावरील मर्यादा उठविणारा कायदा झाला. पुढें वीस वर्षांनीं, १२ मे १८७५ रोजीं, पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांचीं खतें व वह्या जाळल्या आणि दंगे गांवोगांव पसरले. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्यानें न्यायाधीशाला खताच्या मागें जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला व शेतकऱ्याला कर्जापायीं कैद करणें बंद केलें. भंडारा त्या काळीं मध्यप्रांतांत होता. त्या प्रांतानें १९३३ सालीं कर्ज-समेटाचा कायदा केला. धनको व ऋणको यांना एका मंडळापुढें बसवून तडजोड घडवावी व हप्ते बांधून द्यावे, अशी ती योजना होती. जाळपोळीपेक्षां ही वाट कितीतरी शहाणपणाची, आणि कार्डाच्या कर्जालाहि तीच उपयोगी पडते.

आतां तगाद्याकडे वळावें. वसुली एजंट हा सरकारी अंमलदार नव्हे; बहुधा तो बँकेचा नोकरहि नसतो. बँकेनें नेमलेल्या एखाद्या संस्थेचा तो माणूस, वसुलीवर कमिशन मिळविणारा, कित्येकदां स्वतःहि हप्त्यांनीं गांजलेला तरुण. त्याला घरांत शिरण्याचा, वस्तु उचलण्याचा किंवा कोणास अटक करण्याचा मुळींच अधिकार नाहीं. वसुलीसाठीं दांडगे पाठविण्याच्या पद्धतीचा सर्वोच्च न्यायालयानें २००७ सालीं एका खासगी बँकेच्या खटल्यांत निषेध केला. २००८ सालीं त्याच न्यायालयापुढें आलेल्या दुसऱ्या एका प्रकरणाचें मूळ दिल्लीच्या एका तरुणाच्या आत्महत्येंत होतें. वसुलीस आलेल्या माणसांनीं केलेल्या अपमानामुळें त्यानें जीव दिला असा आरोप होता. लाजेचें हें शस्त्र किती खोल जातें याची याहून निराळी साक्ष नको.

रिझर्व्ह बँकेनें २४ एप्रिल २००८ रोजीं एजंटांविषयीं सविस्तर सूचना काढल्या. वसुलीचें काम कोणत्या संस्थेकडे दिलें हें बँकेनें ऋणकोस आधीं कळवावें. एजंटाजवळ ओळखपत्र व अधिकारपत्र असावें. ऋणकोची तक्रार पडून असेल तर तिचा निकाल लागेपर्यंत प्रकरण एजंटाकडे सोंपवूं नये, मात्र तक्रार केवळ वेळकाढूपणाची असल्यास गोष्ट वेगळी. १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकानें सकाळीं आठपूर्वीं व सायंकाळीं सातनंतर वसुलीचे फोन करण्यास मनाई केली. धमकी, शिवीगाळ, चारचौघांत अपमान, घरच्यांस व मित्रांस उपद्रव, निनावी फोन, हें सारें वर्ज्य ठरविलें. एजंटाच्या वर्तनाचा जाब बँकेलाच द्यावा लागतो.

तेव्हां एजंट दाराशीं आला तर रकमेची भाषा सुरू होण्यापूर्वींच अधिकारपत्र पाहण्यास मागावें. फोनचा दिनांक, वेळ व क्रमांक एका वहींत टिपून ठेवावा. बोललेले शब्दहि होतील तितके जसेच्या तसे लिहावे. मग बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यास पत्र लिहावें: बाकी किती मान्य आहे, किती नाहीं, दरमहा किती देणें शक्य आहे, आणि धानाचे चुकारे केव्हां येतात. हा शेवटचा तपशील शहरांतील अधिकाऱ्यास आपण होऊन सुचणार नाहीं. फोन बंद करून बसणें मात्र तोट्याचें आहे. व्याज चढतच राहतें, पत-नोंद बिघडते, आणि त्याच बँकेंत बचत खातें असेल तर करारांत राखून ठेवलेल्या हक्कानें बँक त्यांतून परस्पर रक्कम वळती करूं शकते. पैसे भरावयाचे ते कार्डाच्या खात्यांतच. एजंटाच्या हातीं किंवा त्याच्या खासगी खात्यांत कदापि देऊं नयेत.

पोलिसांची धमकी बहुतेक पोकळ असते. कार्डाची थकबाकी हा दिवाणी मामला आहे. दिलेला धनादेश न वटणें किंवा मुळांतच फसवणूक करणें या गोष्टी निराळ्या. त्यांना फौजदारी कलमें आहेत. एरवीं बँकेनें दावा लावावा, हुकूमनामा मिळवावा आणि मगच न्यायालयामार्फत जप्ती आणावी, असा क्रम आहे. त्या जप्तीलाहि दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ६० व्या कलमानें कुंपण घातलें आहे. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाचीं भांडीं, अंथरूण-पांघरूण, कारागिराचीं हत्यारें, शेतकऱ्याचीं अवजारें व त्याचें राहतें घर, धर्मरूढीप्रमाणें स्त्रीला अंगावेगळे करतां येत नाहींत असे अलंकार, यांना हात लावतां येत नाहीं. म्हणजे मंगळसूत्र न्यायालयाच्या बेलिफालाहि नेतां येत नाहीं, मग एजंटाची कथा काय? पगारांतील पहिले एक हजार रुपये व उरलेल्याचा दोन-तृतीयांश भागहि सुरक्षित असतो. पैशाच्या हुकूमनाम्यापायीं स्त्रीला अटक होत नाहीं. आणि ऐपतच नसलेल्या ऋणकोस तुरुंगांत घालूं नये, हें सर्वोच्च न्यायालयानें १९८० सालींच सांगून ठेवलें आहे.

मुदतीचा प्रश्न थोडा नाजूक आहे. अशा कर्जाचा दावा सामान्यतः तीन वर्षांत लावावा लागतो. परंतु ती मुदत संपण्यापूर्वीं ऋणकोनें सहीनिशीं लेखी कबुली दिली किंवा थोडीशी रक्कम भरून तशी लेखी नोंद राहिली, तर तीन वर्षें पुन्हां पहिल्यापासून मोजलीं जातात. “सध्यां पांचशेच भरा, बाकीचें पुढें पाहूं” असें जुन्या बाकीविषयीं कोणी गोड शब्दांत सांगूं लागला तर आधीं वकिलास विचारावें.

एकरकमी तडजोड हा मार्ग पुष्कळांना मानवतो. लोकअदालतींतहि अशा तडजोडी होतात; तेथील निवाडा न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखाच बंधनकारक असतो, व त्यावर अपील नाहीं. म्हणून झेपेल तेवढीच रक्कम कबूल करावी. तडजोडीचें पत्र बँकेच्या नांवानें, रकमेसह व तारखेसह, आधीं हातांत घ्यावें. पैसे भरल्यावर ‘येणें बाकी नाहीं’ असा दाखला मागून घ्यावा. तडजोडीनें मिटलेलें खातें पत-नोंदींत ‘सेटल्ड’ म्हणून राहतें आणि पुढें घरासाठीं कर्ज मागतांना तो शेरा आडवा येऊं शकतो, हेंहि जमेस धरावें.

तगादा एवढ्यावरहि न थांबला, तर बँकेकडे तक्रार करून तीस दिवस झाल्यावर, किंवा तिचें उत्तर असमाधानकारक असल्यास त्यापूर्वींहि, रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जातां येतें. त्याला शुल्क पडत नाहीं. जिवाची, अब्रूची किंवा मालमत्तेची धमकी दिली असेल तर जवळच्या पोलीस ठाण्यांत न्यायसंहितेच्या ३५१ व्या कलमाखालीं तक्रार द्यावी. आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें तक्रारदार राहतो तेथील जिल्हा आयोगापुढें दाद मागण्याची सोय केली आहे. बँकेचें मुख्य कार्यालय मुंबईस असो, एजंटाचा फोन आणखी कोठून येवो, बपेऱ्याच्या गृहस्थाला आपलें गाऱ्हाणें भंडाऱ्यास मांडतां येतें. जातांना फोनच्या तारखांची ती वही बरोबर न्यावी.